संगमरवरी पायरीवरची हळद

आई, तुला कधी कागद लिहिला नाही. तुला वाचता यायचं नाही आणि मी सातवीतून शाळा सोडलेला. आता माझे केस पांढरे झाले तरी लिहितोय, कारण ह्या पायरीचं प्रकरण तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

मी लेकीकडं असतो, अमेरिकेत, बाल्टिमोरला. घर ओळीतलं. दोन घरांत एक भिंत, अशी अख्ख्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली. लाल विटा, रुंदीला चिंचोळं आणि आत बोळासारखं लांब. जिना असा वळतो की पलंग खिडकीतून दोरानं चढवावा लागला. बंदरावरच्या कामगारांसाठी बांधलेली घरं ही. तळघरात कोळसा ओतायचं भोक अजून आहे, वर लोखंडी झाकण. आणि रस्त्याकडच्या दारापुढं पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या. कामगाराच्या दाराला संगमरवर, कारण जवळच खाण होती म्हणे, दगड स्वस्त पडायचा. आता ही सगळी ओळ शहरानं जुनी म्हणून जपायला घेतलीय. दर्शनी बाजूला खिळा ठोकायचा तरी कमिटीला विचारायचं. लेकीनं हौसेनं घेतलं. मला पहिल्या दिवशी वाटलं, हिनं घर नाही, कटकट घेतली.

मग माझा गुडघा गेला. पायऱ्यांना कठडा नाही, मागच्या हिवाळ्यात घसरलो. लेक म्हणाली, "बाबा, रेलिंगची परमिशन मागितलीय. नाही मिळाली तर हे विकू आणि सबर्बमध्ये एकमजली घर घेऊ. पायरीचा प्रश्नच नको." बोलली सहज, पण बोलताना खिडकीची चौकट फडक्यानं पुसत होती. जुने रंग खरवडून ती चौकट तिनं स्वतः रंगवलेली. माझ्या गुडघ्यापायी पोरीनं घर सोडायचं, हे काही मला गिळवेना.

त्यात दसरा आला. तुझी सून गेल्यापासून उंबऱ्याची पूजा माझ्याकडं आलीय. लेक कामावर गेली होती. मी पायरी धुतली आणि ओली असतानाच हळदकुंकवाची बोटं ओढली. तुझ्या उंबऱ्याचा दगड काळा, दुसऱ्या दिवशी पाण्यानं साफ व्हायचा. हा दगड हळद प्याला. दुसऱ्या दिवशी घासघास घासलं, पिवळं हललं नाही. आणि कमिटीची बाई पुढच्या आठवड्यात तीच पायरी बघायला येणार.

"बाबा, काय करून ठेवलंत? त्यांना वाटेल आपण ह्या घराची केअरच घेत नाही. मग कसली परमिशन," लेक म्हणाली. लिंबू घेऊन धावली, तेवढ्यात फोनमध्ये वाचलं की आंबटानं हा दगड खाल्ला जातो. तशीच लिंबू हातात धरून पायरीवर बसली.

तेव्हा मला पाडवा आठवला. मी नवा पांढरा सदरा घातलाय आणि चुलीपाशी हळदीची वाटी अंगावर उलथी करतो. तू पोळ्या लाटतेस. आता लाटणं बसणार म्हणून मी पाठ करून उभा. तू सदरा काढून घेतेस, धुतेस, पत्र्यावर टाकतेस. "रगडू नको रे. हळद उन्हात आपली आपण जाते. तोवर उघडाच जेव, तुला कोण बघतंय." संध्याकाळी सदरा कोरा.

पण ह्या दाराचं तोंड उत्तरेला. ऊन सगळं समोरच्या ओळीवर. तिथं एक म्हातारी राहते, ह्याच गल्लीत जन्मलेली. माझी घासाघास ती खिडकीतून बघत होती. रस्ता ओलांडून आली, लेकीनं तिला सगळं सांगितलं, मी सांगितलेलं तुझं उन्हाचंही. म्हातारी म्हणाली, तिची आई दर शनिवारी गुडघे टेकून पायरी घासायची, आणि जिची पायरी मळकी तिला गल्लीभर नावं ठेवायचे. मग माझा ब्रश उचलून बाजूला ठेवला, घरी गेली आणि भला मोठा आरसा बाहेर आणला. आपल्या दारात टेकवून तिनं ऊन माझ्या पायरीवर फेकलं. रोज. ऊन सरकलं की मी हात करायचो, "लेफ्ट, लेफ्ट." ती तिकडून ओरडायची, "आय नो माय लेफ्ट, मिस्टर."

हळद गेली. कुंकू राहिलं, हल्लीचं कुंकू नुसता रंग. कमिटीची बाई आली, वाकली, त्या गुलाबी बोटांकडं बघून हे काय म्हणाली. लेक पाठ केलेलं सगळं विसरली. एवढंच म्हणाली, आमच्याकडं सणाला दाराची पूजा करतात, ती बाबांनी केली. बाईनं पायरीच्या कडेवरून हात फिरवला. मग विचारलं, "कठडा दगडाला भोक पाडून बसवणार?" लेक म्हणाली, नाही, खाली फुटपाथमध्ये. "मग माझी हरकत नाही. आणि ते राहू द्या, घासू नका. घासून दगड जातो."

कठडा बसला. काळा लोखंडी, माझ्या हाताला बरोबर येतो. लेकीचे डोळे भरले. मी म्हटलं, "मला काय, मी कुठंही राहिलो असतो. तुझं घर राहिलं, झालं."

आई, हा कागद तुला पाठवायची सोय नाही, आणि लेकीच्या हाती लागायला नको म्हणून फाडणारच आहे. मलाच इथून हलायचं नव्हतं. सकाळी दार उघडलं की समोरची हात करते, ते मला सोडवत नव्हतं. पोरीला वाटतंय, बाप तिच्या घरासाठी झुरत होता. वाटू दे.