गावदेवीपुढची शपथ

८ मार्च १८८६, सोमवार. ठाणे

काल सभा भरली. सात माणसं, त्यांतली दोन विश्रामरावांकडच्या पोह्यांसाठी! बाजारात आम्हाला 'फारकत मंडळी' म्हणतात. देवाची आणि सरकारची फारकत मागणारे. म्हणोत. सभेच्या खऱ्या नावापेक्षा ते सुटसुटीत आहे.

अर्जाचा मसुदा वाचला. मागणी एकच — शपथेच्या कायद्यातलं ते कलम काढा. वादीनं म्हणायचं, प्रतिवादीनं अमक्या देवाला हात लावून सांगावं. त्यानं सांगितलं की कोर्ट तेच खरं धरणार. पुढं साक्ष नाही, पुरावा नाही. मग न्यायाधीश हवा कशाला? पुजारी पुरे.

विश्रामराव आमचे अध्यक्ष, धंद्यानं वकील. मला म्हणाले, "चिटणीस, भाषा झकास आहे. पण दाखला कुठाय? देवाला शिवून कुणी खोटं बोलल्याचा एक तरी दाखला घाला. नाहीतर साहेब म्हणणार, हे लोक देवापुढं खोटं बोलतच नाहीत, कायदा उत्तम आहे."

कुणालाच एकही आठवेना.

१३ मार्च, शनिवार

सभेतल्या हरिहर मास्तरांना दाखला सापडला. त्यांचे चुलते म्हणे मारुतीला हात लावून खोटं बोलले होते. पुढं आंधळे झाले.

"मास्तर, हा दाखला तिकडच्या बाजूचा झाला!"

मास्तर रुसले.

१९ मार्च, शुक्रवार

डोंबिवलीहून गोदाताईचा निरोप. ताबडतोब ये. कारण नाही.

२१ मार्च, रविवार. डोंबिवली

खाडीतून पडावानं आलो. ओहोटी लागली होती, शेवटचा पल्ला चिखलातून.

ताईवर कल्याणच्या कोर्टात दावा लागला आहे. कोपरचं खाडीकडचं शेत. मेहुणे गेल्यावर तिला तेवढंच उरलं. मूल नाही. वर्षाचं भात त्यातूनच येतं.

दावा भिवाचा. कोपरचा आगरी, ते शेत हाच कसतो. पूर्वी तिथं भरतीचं खारं पाणी यायचं, काही पिकत नसे. त्याचं म्हणणं, मेहुणे याच ओट्यावरून त्याला म्हणाले — बांध घाल, शेत तुझं. त्यानं बायकापोरांसकट चिखल वाहून बांध घातला. पाणी अडलं, जमीन गोडी झाली. पण कागद नाही. मेहुणे होते तोवर शेताचा खंड देत राहिला, धन्यापुढं तोंड उघडवलं नाही म्हणतो. बोलणं झालं तेव्हा तिसरं माणूस एकच, ताई.

आणि आता त्यानं वकिलामार्फत कोर्टाला सांगितलंय — बाईनं देवीला हात लावून म्हणावं, धनी असं बोलले नाहीत. मी दावा सोडतो.

तेच कलम! माझ्याच बहिणीच्या दारात!

संध्याकाळी भिवा स्वतः आला. ओट्याखाली उभा राहिला, वर येईना. ताईनं आतूनच विचारलं, "तुमची गावदेवी, की आमचा गणपती?"

"देव कोनचा बी चालंल, बाय. तुमी खरा बोलाल."

तो गेल्यावर मी तिला मसुदाच वाचून दाखवला. म्हणालो, शपथेनं खरं बाहेर येत नाही. देवीला कान नाहीत. खऱ्या माणसाला तिची गरज नाही, खोट्याला तिचा अडथळा नाही.

"म्हणजे खरंच काही होत नाही?"

"काही नाही."

"नक्की?"

"नक्की, ताई!"

बरं वाटलं. सभेतली सात माणसंसुद्धा इतकं लक्ष देऊन ऐकत नाहीत.

४ एप्रिल, रविवार. ठाणे

ताईनं शपथ कबूल केली. सभेला आधीच कळलं होतं.

हरिहर मास्तरांना सूड मिळाला. "चिटणिसांच्या घरीच फारकत मोडली हो! नवराबायको पुन्हा नांदायला लागले!" पोहेवाले दोघंही हसले.

विश्रामराव हसले नाहीत. "त्यांना मना करा. अर्जावर सही तुमची आहे. बहीण देवळात, भाऊ अर्जात — साहेब आपल्याला फाडून खाईल."

७ एप्रिल, बुधवार. डोंबिवली

सांगितलं. म्हणालो, नकार दे, साक्षीपुराव्यावर दावा लढू.

"पुरावा कसला? तो म्हणेल बोलले, मी म्हणेन नाही. आणि नकार दिला की गाव काय समजेल? कोर्ट काय समजेल?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"माझ्या भाताचा आहे. शेत गेलं तर कुणाच्या दारात बसू?"

"माझं दार तुझंच आहे."

"बायकोला विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

मग वाटलं, जाऊ दे. ताई सोवळ्यात पाण्याचा थेंब चुकू देत नाही. ती खरं तेच सांगणार. अर्जाची अब्रू जाईल, शेत राहील.

९ एप्रिल, शुक्रवार

कोपरला गावदेवीच्या देवळात शपथ झाली. कोर्टाचा कारकून दारात जोडे काढून उभा. हातात सरकारी कागद, कपाळावर पुजाऱ्यानं लावलेला शेंदूर! हे चित्र अर्जात घालावंसं वाटलं.

ताई ओलेत्यानं आली. देवीच्या पायावर उजवा हात ठेवला. कारकून सांगेल तसं म्हणाली. आवाज स्वच्छ. "माझे यजमान असं कधीही बोलले नाहीत."

देऊळ गच्च भरलं होतं.

भिवाची बायको सखुबाई रडायला लागली. भिवानं तिला गप्प केलं. बाहेर आल्यावर मला नमस्कार केला. मी म्हणालो, वाईट वाटून घेऊ नकोस.

"वाईट कसला, भाऊसाब? बाय देवीच्या म्होरं बोलली. मंग मीच चुकीचा आयकला आसन." निघता निघता म्हणाला, "पन मना वाटलेला, धनी बोलले."

मग बांधाकडे गेला. उधाणानं एका जागी खचला आहे. आता तो बांध त्याचा नाही, हे त्याच्या ध्यानात नसावं.

१० एप्रिल, शनिवार

निघताना ताई ओट्यापर्यंत आली. उजवा हात पदराखाली धरलेला.

"भाऊ, खरंच काही होत नाही ना रे?"

"कशानं?"

"बोलले होते ते. मी दाराआड पान लावत होते. भिवा खाली उभा होता, त्या संध्याकाळी उभा राहिला तिथंच."

मी तिच्या पदराखालच्या हाताकडे बघितलं.

"असा काय बघतोस? दोनदा विचारलं तुला. तूच नक्की म्हणालास."

पडावात बसल्यावर ध्यानात आलं. मी तिला सगळं विचारलं होतं — कोणती देवी, कोणती तारीख, वकील कोण. मेहुणे बोलले होते का, एवढंच नाही.

पडावातून तो बांध दिसतो. दोन माणसं चिखल टाकत होती.

११ एप्रिल, रविवार. ठाणे

सभा भरली. अर्ज उद्या रवाना.

"काय चिटणीस, मिळाला का एखादा दाखला?"

नाही, म्हणालो.

मला शपथ कुणी घातली नव्हती.