वगळलेल्या चौदा ओळी

प्रिय ठोंब्या,

हसशील, पण चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात जातेय. संख्याशास्त्रात एम.एस्सी., संध्याकाळचे वर्ग. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून कुणातरी एकाला पाठवायचं होतं, साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडलं तर नुसता पांढरा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, टाइप करा काहीतरी, चावत नाही ते." एक स्वल्पविराम चुकला की लाल अक्षरांत फटकारतं. अगदी आईसारखं, असं मनात आलं. आईची बोलणी आपण दोघांनीच मिळून खाल्लेली, दुसऱ्या कुणाला सांगणार?

आई गेली रे. मागच्या वर्षी, दुपारी, झोपेतच. आधीचा आठवडाभर मला विचारत होती, त्याला कुकरची रिंग मिळाली का. तू त्या मंगळवारी रिंग आणायला म्हणून बाहेर पडलास, त्याला नऊ वर्षं झाली. मी म्हणायचे, मिळाली असेल, येईल आता.

मॅडमनी एक वितरण, म्हणजे शक्यतांचं गणित, शिकवलं, वाट बघण्याचं. पुढचा फोन कधी वाजेल, पुढचा माणूस दारात कधी येईल, याचा अंदाज त्यावरून काढतात. त्याचा गुण त्यांनी फळ्यावर लिहिला: याला आठवण नसते. तुम्ही तासभर थांबलेले असा की नऊ वर्षं, अजून किती थांबायचं ते पहिल्या मिनिटाला होतं तेवढंच. पोरांनी पटापट उतरवून घेतलं. माझं पेन हललं नाही. पोलीस चौकीचे हेलपाटे, शवागारात तीनदा चादर बाजूला करून पाहिलेले चेहरे, तुझ्यासारखी चाल दिसली म्हणून परक्या माणसामागे दोन चौक चालत जाणं, यातलं काहीच धरलं जात नाही. आजही पहिलाच दिवस.

मग प्रकल्प आला. आमच्याच हॉस्पिटलच्या दोनशे रुग्णांची यादी, नावं काढून टाकलेली. प्रत्येकापुढे दोन रकाने: किती दिवसांची माहिती आहे, आणि शेवट काय. माणूस गेला असेल तर एक, नाहीतर शून्य. त्यात चौदा जण तपासणीला यायचे थांबले होते आणि पुढे त्यांचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अशांना शून्य द्यायचं. मेलेले धरायचे नाहीत, शेवटचे दिसले त्या दिवसापर्यंत मोजायचे. नियम मला तोंडपाठ होता, तरी त्या चौदा चौकटी मी रिकाम्या सोडल्या. काहीच लिहवेना. आलेख झकास आला. खाली बारीक अक्षरांत आलेली ओळ मी वाचलीच नाही: चौदा ओळी वगळल्या. मॅडमनी तिच्यावर बोट ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, रिकामं सोडलंत की हा माणूस आलाच नव्हता असं होतं. जेवढे दिवस तो होता, तेही जातात."

तुझ्या बायकोचा एक कागद सात महिने माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तुला मृत ठरवण्यासाठी तिने कोर्टात अर्ज केलाय. तिला लग्न करायचंय. चष्म्याच्या दुकानात असतो तो, हळू बोलतो. जवळच्या रक्ताच्या नातलगाने लिहून द्यावं लागतं. आई नाही, म्हणजे मीच. ती कधी घाई करत नाही. दर रविवारी येते, माझे केस रंगवून देते आणि जाताना ड्रॉवरकडे बघायचं टाळते. मागच्या रविवारी ब्रश धुता धुता एवढंच म्हणाली, "ताई, बायको नाही, विधवा नाही. मी त्याची कोण होते, ते तरी कुठेतरी लिहिलेलं राहू दे."

काल मी सही केली. तुझ्यापुढे एक लिहिला. त्या कागदावर शून्याला जागाच नव्हती. 'शेवटचे पाहिले' या ओळीत त्या मंगळवारची तारीख घातली आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे लिहिलं, मापासाठी हातात जुनी रिंग होती. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. पाकिटावर घालायला पत्ता नाही. कुठे असलास तर मला माफ कर. नसलास तरी कर.

तुझीच,
अजूनही तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी असलेली
ताई