चौदाव्या प्रश्नातली किल्ली

६ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही माझ्या कामाबद्दल विचारलंत, म्हणून आमच्या मंडळाच्या मागच्या परीक्षेची पुस्तिका सोबत पाठवते आहे. यातले प्रश्न मीच काढते. एक विधान असतं, खाली दोन गृहीतकं. बोलणाऱ्याने न बोलता काय धरून चाललंय ते ओळखायचं. ‘छत्री घे’ म्हटलं, की ऐकणारा बाहेर पडणार हे धरलेलंच असतं. तुम्ही शिंपी, कपडा उलटा करून आतली शिवण बघणारे. तुम्हाला सहज जमेल.

मशीन विकल्याचं लिहिलंत, कारण मात्र गाळलंत. जीव टांगणीला लागलाय. येऊ का, असं विचारणार होते. पण मी ही नोकरी धरली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, की दुकान नको तर घरही नको. ते विसरता येत नाही.

चार ओळी तरी लिहा.

तुमची,
बॉबिन

१५ फेब्रुवारी

चि. बॉबिनबाईस अ. उ. आ.

तेरा प्रश्न सोडवले, अकरा बरोबर! चौदाव्यापाशी हात थांबला. एक वडील मुलीला लिहितात, की घराची एक किल्ली शेजारच्या नर्सबाईंकडे ठेवली आहे, कधी आलीस तर दारात ताटकळायला नको. अगं, हे माझंच पत्र! बापाचं वाक्य कातरून खुशाल परीक्षेला जोडलंस? आधी राग आला, मग हसू आलं.

गृहीतक पहिलं, मुलगी येणार आहे. दुसरं, नर्सबाई विश्वासू आहेत. तुमच्या उत्तरसूचीत दोन्ही बरोबर. मी फक्त दुसऱ्यावर खूण केली. तू येशील असं मी कधीच धरलं नव्हतं. ज्या तोंडाने घर नको म्हटलं, त्या तोंडाने काय धरणार? तरीही किल्ली ठेवली. नर्सबाई अधूनमधून विचारतात, परत देऊ का. मी म्हणतो, असू दे.

मशीन गेलं ते कंबरेपायी. २ मार्चला ऑपरेशन आहे. मी घाबरलोय, हे फक्त तुला सांगतोय. तू कामात असशील म्हणून आधी कळवलं नाही. हेही गृहीतकच म्हणशील.

रागावू नकोस.

तुझे,
बाबा

२० फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र कचेरीत उघडलं आणि सगळ्यांदेखत रडले.

तुमचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. तुम्ही माझी वाट बघताय, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. हजारभर परीक्षार्थींनी ‘मुलगी येणार आहे’वर खूण केली. त्या उत्तरपत्रिका मी पुन्हापुन्हा काढून बघितल्या. तुम्ही एकट्यानेच बरोबर उत्तर दिलंत. सूचीतली चूक माझी. साहेबांना तसं सांगितलं आणि लगेच महिन्याची रजा मागितली.

२७ला सकाळी पोचते. तुम्ही उठू नका, नर्सबाईंकडून किल्ली घेईन.

तोवर कंबर सांभाळा.

तुमची,
बॉबिन

२४ फेब्रुवारी

चि. बॉबिनबाईस अ. उ. आ.

घाईत लिहितोय, तू निघायच्या आत मिळावं म्हणून. तुझ्या प्रश्नात एक गृहीतक राहूनच गेलं. आतून कडी लावलेली असली, तर बाहेरच्या किल्लीचा काय उपयोग?

कडी चार वर्षं लावलेली नाही.

ये.

बाबा