मँचेस्टरला निघण्याआधी

डिलाईल रोड, १९९१

ती. बाबांना,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ठाऊक नाही, तरी लिहितेय. मी मँचेस्टरला चाललेय. कापसाच्या धुळीनं बिघडलेल्या फुप्फुसांवर तिथं संशोधन चालतं. कॉलेजनं त्यासाठी आम्हा तिघा विद्यार्थ्यांना निवडलंय. कॉलेजचं पत्र, लसीचा दाखला, सगळं जमलं. अडलं होतं ते पासपोर्टच्या पोलीस चौकशीपाशी.

हवालदारानं विचारलं, "वडील कुठे असतात?"

नऊ वर्षांपूर्वी गिरणीच्या संपात तुम्ही गावी जातो म्हणून निघालात आणि गावी पोचलाच नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आई म्हणाली, "भायर गेलेत. येतले."

शेजारच्या मालनकाकूंनीही दारातून मान डोलावली. हवालदारानं चहा घेतला आणि तसंच लिहून नेलं.

आज पासपोर्ट आला. त्यात तुमचं पूर्ण नाव छापलंय, दगडू सोमा परब. आई त्यावरून बोट फिरवत बसली होती. मी तिला मँचेस्टरच्या लाल विटांच्या गिरण्यांबद्दल सांगत होते. हल्ली त्या माझ्या स्वप्नात येतात. धुक्यात पाळी सुटते आणि त्या गोऱ्या गर्दीतून तुम्ही डबा घेऊन सावकाश चालत येता. मी हाक मारते, पण भोंग्यात ती ऐकू जात नाही. हे मात्र आईला सांगितलं नाही.

"अजून चालू आसत त्यो गिरण्यो?" तिनं विचारलं.

"नाही गं. कधीच्याच बंद पडल्या."

तिचं बोट तुमच्या नावावर थांबलं.

"मगे त्येंची माणसा खंय गेली? इचारून ये."

विचारून येईन, बाबा.

तुमची,
कुंदा