गाडीच्या मागच्या काचेवरचं स्टिकर

डेलिया,

गाडीची मागची काच बघून दचकू नकोस. आपल्या गावातल्या विद्यापीठाचं स्टिकर मी सकाळी ब्लेडने खरवडून काढलं. तू काही ठरवायच्या आधीच मी ते चिकटवून गल्लीभर मिरवलं. मग तू नाही कशी म्हणणार?

काल तिथला अभ्यासक्रम मी स्वतः वाचला. तुला हवं असलेलं बायोइंजिनियरिंग तिथे नाहीच. आणि तू मला सांगतेस, "सगळीकडे सारखंच असतं, डॅड." बापाला खुळा समजतेस काय?

डायलिसिसला मी शेजारच्या लॉइडच्या ट्रकमधून जातोय. यापुढे आठवड्यातले तिन्ही दिवस तुझ्याऐवजी तोच नेणार आहे. बडबडतो फार, पण वेळेवर येतो.

बोस्टनच्या विद्यापीठाला होकार कळवायची मुदत आज, एक मेलाच संपते. मी परत येईन तेव्हा कळवलेलं असू दे. मेडिकलला जायच्या आधी ते डायलिसिसचं मशीन सुधारायला शिक. त्या खुर्चीत चार चार तास बसणं काय असतं, हे तुझ्याइतकं तिथे कोणाला माहीत असणार?

खिम्याचा मीटलोफ फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

काचेवरचा गोंद काही निघाला नाही. नवं स्टिकर त्याच्यावरच बसेल. या वेळी मात्र ते तू लाव.

डॅड