शेठजींचे 'अवधानी'

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, देवपूर, धुळे

स्वस्ति श्री सकलविस्मरणशिरोमणी, अर्धकार्यधुरंधर, नित्यचष्माशोधनतत्पर, मोहिनीपती पितांबर महाराज यांस ऐन पन्नाशीत डॉक्टरांकडून नवी पदवी प्राप्त — एडीएचडी! चित्त एका जागी ठरत नाही, हे आता प्रमाणित झाले. शाळेत ज्यासाठी बाकावर उभा राहिलो, त्याला अखेर नाव मिळाले. आनंद मावत नाही.

पेच एवढाच — गुरुवारी जळगावला मुलाखत. बियाण्यांच्या पेढीत माल-रवानगीचे काम. सांगावे, की झाकावे?

मंगळवार, ४

मोहिनीचे मत : आधी नोकरी पदरात पाडा, मग खुशाल कीर्तन करा. मत व्यवहार्य. परंतु आधीच्या छापखान्यातल्या नोकरीत निम्मी शक्ती कामात गेली आणि निम्मी, लक्ष आहे असे दाखवण्यात. ते नाटक पुन्हा नको.

बुधवार, ५

सांगणार. मात्र भारदस्तपणे.

गुरुवार, ६

सांगितले! इंदरचंद शेठ गादीवर. दोन कानांना दोन फोन, समोर गिऱ्हाईक, चहा केव्हाच निवलेला. वदलो, "शेठजी, एक निवेदन. मी अवधान-अस्थैर्यग्रस्त आहे."

शेठजींनी फोन ठेवून हात जोडले. "अवधानी? आमच्या जैन साधूंत, महाराजसाहेबांत असतात अवधानी. शंभर गोष्टी एकदम ध्यानात!"

नोकरी तिथेच पक्की. चिरंजीव पुनीत यांना माझ्या पाया पडायला लावले. मी आशीर्वादही दिला — काय करणार!

शुक्रवार, ७

जेवण गोड लागेना. अखेर फोन केला, संस्कृत बाजूला ठेवून. "शेठजी, उलटं आहे. माझ्या ध्यानात एक गोष्टही धड राहत नाही. लगेच लिहून ठेवावी लागते. गडबडीत मी उत्तम चालतो, शांतता झाली की बिघडतो."

पलीकडे शेठजींनी आधी दुसऱ्या फोनवरचे गिऱ्हाईक वाटेला लावले. मग म्हणाले, "शांतता आमच्याकडे नाहीच, भाऊ. सोमवारी या."

मोहिनीने शिरा केला. साखर दोनदा पडली. घालणारा मी.

सोमवार, १०

रुजू झालो. दुपारी शेठाणी सायरबाई डबा घेऊन आल्या. शेठजींची पाठ वळताच हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या डॉक्टरांचा नंबर द्या. लग्न झाल्यापासून यांचा चष्मा मीच शोधतेय."

माझ्या डोक्यावरचा पंखा मात्र सारखा कुरकुरतो. दोनदा सांगितले. पुनीत म्हणतो, बघू.