राहीबाईच्या शाळूची एक मूठ परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
परदेशी विद्यापीठ संबंध विभाग,
विद्यापीठ कार्यालय यांस

अर्जदार : केरबा नाथाजी इंगवले, मु. पिंपळखडी, ता. खटाव, जि. सातारा

विषय : परदेशी विद्यापीठास दिलेल्या शाळूच्या बियाण्यातून एक मूठ परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. ५ सप्टेंबर १९७४.

महोदय,

१. दि. १८ ऑगस्ट, रविवारी मला समजले की घरात शाळूचे बी उरलेले नाही. त्या दिवशी माझी पत्नी राहीबाई हिचा तेरावा होता. ती ६ तारखेस मिरजेला दवाखान्यात वारली. पंगतीत भाकरी रोजच्यासारखी नव्हती, शाळूची पांढरी व मऊ लागली. मी घास गिळला आणि उठून मडकी पाहिली.

२. बियाण्याचे मडके राहीबाई राख घालून, शेणाने तोंड लिंपून ठेवत असे. आजारी पडण्याआधी पावसाने उघडीप दिली म्हणून तिने बी उन्हात घातले. ते परत भरले, पण तोंड लिंपायचे राहिले. माझ्या बहिणीने, चंद्राबाईने, ते खाण्याचे धान्य समजून दळले. ती म्हणते, "दादा, मडकं उघडं हुतं. मला कसं कळावं?" तिचा दोष नाही.

३. हे बी राहीबाईच्या माहेरचे. दुष्काळाच्या दोन वर्षांत वस्तीत सर्वांनी बियाणे खाल्ले. हिने विहिरीजवळच्या वाफ्याला कळशीने पाणी घालून ते जगवले. यंदा सगळे शेत पेरायचे ठरले होते. दुसरे बी सरकारी डेपोत मिळते, हे मला माहीत आहे.

४. गेल्या फेब्रुवारीत आपल्या विद्यापीठाचे एक सर परदेशी बाईंना घेऊन आले होते. राहीबाईने त्यांना मूठभर बी दिले. म्हणाली, "न्या बाई, पर पेरून बगा. नुसतं ठिवू नगासा."

५. फायली प्रदेशवार असल्याने प्रदेश कळवावा, असे आपण लिहिले आहे. आम्ही तो विचारला नव्हता. बाई उंच होत्या, चष्मा होता, खर्डा मागून घेतला. यावरून युरोप की अमेरिका हे कळत असल्यास पाहावे. सर बदलून गेले, असे आपल्याच पत्रात आहे.

६. परत मागणीवर बी देणाऱ्याचीच सही लागते, असेही लिहिले आहे. राहीबाई अंगठा लावत असे. मृत्यूचा दाखला जोडला आहे. मला सही येते, पण अंगठाच लागत असेल तर मी येऊन लावीन.

७. तिकडे थंड खोलीत बी पुष्कळ वर्षे टिकते, हे वाचले. ते ठीक आहे. मला एका मुठीपेक्षा जास्त नको. पीक आल्यावर दोन मुठी पाठवीन.

८. हस्त नक्षत्र पंधरा दिवसांवर आले आहे. कुळवाच्या दोन पाळ्या झाल्या. पेरणी झालेली नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
केरबा नाथाजी इंगवले
दि. १२ सप्टेंबर १९७४